साडूबुवांचा घाट

फोटोग्राफरच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत चौदा वर्षांपासून एक रेल्वे धावत होती. सतरा फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेच्या उंचीवर फळ्या टाकून मांडलेली. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. दोन स्टेशनं, एक पूल, एक इंजिन शेड आणि वाफेची नऊ इंजिनं, त्यांतली सात चालणारी. खाली तो पासपोर्टचे फोटो काढायचा आणि गिऱ्हाईक गेलं की वर पळायचा. त्याची बायको म्हणायची, "यांचं शरीर तेवढं खालच्या मजल्यावर असतं."

गावात हा नाद असलेली तीसेक मंडळी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती कुणाच्या तरी घरी जमायची आणि वर्षाकाठी एक अंक काढायची. अंकाच्या कव्हरवर आजवर सहा वेळा फोटोग्राफरचा लेआउट, म्हणजे ही मांडलेली रेल्वे, आला होता. फोटो अर्थात त्याचेच. ते बघून परगावच्या लोकांची पत्रं यायची, की हा खरा फोटो आहे की मॉडेलचा. ही पत्रं त्याने एका फाइलमध्ये लावून ठेवली होती आणि फाइल स्टुडिओच्या काउंटरवरच असायची, सहज कुणाच्या हाताला लागेल अशी.

प्रत्यक्ष लेआउट पाहायला आलेला माणूस मात्र जरा गप्प व्हायचा. पुलाखालची नदी मेणचट दिसायची, झाडं सगळी एकाच दिवशी उगवल्यासारखी. फोटोत ही नदी कधी येतच नसे. कुठून काढलं म्हणजे काय लपतं, हे फोटोग्राफरला पुरतं ठाऊक होतं.

त्याचा साडू कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा पाठवायचे आणि हा घरामागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवायचा. बोलणं कमी, हात सावकाश. फोटोग्राफर थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तो त्याला 'दादा' म्हणायचा. फोटोग्राफर त्याला गमतीने 'साडूबुवा' म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. पण त्या अहो-जाहोत मान कमी आणि अंतर जास्त असायचं.

डोंगर करायला चांगलं प्लास्टर हवं म्हणून तीन वर्षांपूर्वी फोटोग्राफरनेच त्याला बोलावलं होतं. साडू दोन पिशव्या घेऊन आला, कालवलं, ओतलं आणि ओलं असतानाच त्याच्या त्या टोकदार हत्याराने खडकाचे थर कोरत बसला. दुपारची संध्याकाळ झाली. उठताना म्हणाला, "हे काम बरंय, दादा. कुणाच्या तोंडात बसायला नको."

पुढच्याच महिन्यात त्याने आपल्या मागच्या खोलीत फळ्या ठोकल्या.

फोटोग्राफरने तेव्हा त्याला रुळांचे चार जुने सांधे आणि एक डबा खडी दिली होती. धाकट्याला आपल्या अंगाचे कपडे द्यावेत तशी. मध्ये एकदा जाऊन आला, तर खोलीत नुसती एकेरी लाइन, एक घाट, घाटाच्या पायथ्याशी इवलंसं स्टेशन.

"इंजिनं दोनच?" त्याने विचारलं होतं.

"दोन पुरतात. एक ओढायला, एक मागून ढकलायला."

"हळूहळू वाढवा," फोटोग्राफर म्हणाला आणि खुशीत घरी आला.

त्यानंतर त्या खोलीत तो गेला तो थेट मंडळींबरोबरच, साडूची पाळी आली त्या रविवारी. मंडळींत सगळ्यात वडील म्हणजे बॉयलरकाका. त्यांनी उमेदीची बावीस वर्षं खरी वाफेची इंजिनं चालवली होती. बाकीचे सगळे हौशी, काका तेवढे खरे, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा. फोटोग्राफरच्या लेआउटपाशी उभे राहून ते दरवर्षी एकच म्हणायचे, "छान. स्वच्छ ठेवलंय." हे कौतुक आहे असं फोटोग्राफर चौदा वर्षं धरून चालला होता.

त्या रविवारी काकांनी साडूच्या खोलीत पाय ठेवला आणि चष्मा पुसला. मग दोन्ही कोपरं फळीवर टेकून वाकले आणि डोळा रुळाच्या पातळीला आणला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागे उभी असलेली मंडळी कुजबुजायची थांबली.

"वळणावर बाहेरचा रूळ आतून घासलाय," काका म्हणाले.

"हो, काका."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगितलं नाही कुणी. वळणावर गाडीचा रेटा बाहेर जाणार, म्हणजे झीज तिकडंच होणार. दातांचं तसंच असतं. माणूस एका बाजूनं चावतो, तिकडचे आधी झिजतात. नवी कवळी जुन्या दातांशेजारी बसवायची तर ती झीज आधीच करून द्यावी लागते, नाहीतर लगेच ओळखू येतं."

काकांनी इंजिनात पाणी भरायच्या नळाशेजारी बोट नेलं, पण टेकवलं नाही. "इथं जमीन काळी आहे."

"पाणी भरेपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून तेल घालत असणार, असं मला वाटलं."

"घालायचोच," काका म्हणाले. मग कुणाकडे न बघता, "मी इथं थांबलोय."

ते वाक्य फोटोग्राफरच्या कानात शिरलं आणि तिथेच मुक्काम करून राहिलं. त्याने पुढे होऊन पाहिलं. घाटाच्या चढावर इंजिनाच्या धुराने कड्याचा खडक वरच्या बाजूला काळवंडला होता, खाली नाही. बोगद्याच्या तोंडाशी काजळी. स्टेशनच्या भिंतीवर पन्हाळीतून गळलेल्या पाण्याचा ओघळ, आणि त्या ओघळाखालीच तेवढं शेवाळ. एकही गोष्ट नुसती शोभेला म्हणून नव्हती, प्रत्येकीला कारण होतं. वाईट असतं तर किती बरं झालं असतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो आल्याचा रागही साडूवरच निघाला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं केलंय हो भावजींनी?"

"प्लास्टर चांगलं वापरतो," तो म्हणाला.

पुढचे आठ दिवस तो वरच्या खोलीत कानस घेऊन बसला होता. वळणावरचा बाहेरचा रूळ त्याने आतून घासला. जरा जास्तच घासला गेला आणि त्याचं सगळ्यात मोठं इंजिन तिथे येऊन मागच्या कोळशाच्या डब्यासकट आडवं व्हायला लागलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. बायको खालून ओरडली, "काय पडतंय सारखं?" त्याने इंजिन उचलून पुन्हा रुळावर ठेवलं. जेवताना मेव्हणीचा फोन आला की उठून जाऊ लागला. ज्या नदीकडे चौदा वर्षं त्याने दुर्लक्ष केलं होतं, ती आता दाराशी पाऊल टाकल्याबरोबर नजरेला पडायची.

अंकाचं काम मंडळींतल्या छापखानेवाल्याकडे असायचं. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "या वर्षी ठरलंय, घाट घ्यायचा. सोळा पानं आणि कव्हर. काकांचा हट्टच आहे. फोटो तुम्हीच काढणार ना? दुसऱ्या कुणाला विचारायचं तरी कसं?"

त्याच दिवशी साडूचाही फोन. "दादा, माझ्याकडं आपला मोबाइल आहे नुसता. तुम्ही असलात की मला काळजी नाही."

तो शनिवारी सकाळी गेला. ट्रायपॉड, दोन दिवे, तीन लेन्सा. साडूने खोली झाडून ठेवली होती आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू फोटो त्याचाच निघणार होता.

कॅमेऱ्याबाबत एक साधी गोष्ट असते. मॉडेल खरं दिसायला हवं असेल तर कॅमेरा खाली न्यायचा, त्या जगातल्या माणसाच्या डोळ्याइतका खाली. दिवा एकच, कारण सूर्य एकच असतो. लेन्सचं छिद्र बारीक ठेवायचं, जवळची खडी आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट यायला हवेत. फोटोग्राफरने सवयीने हेच सगळं केलं आणि मग डोळा लावला.

समोर सकाळचा घाट होता. मालगाडी चढाला लागली होती, मागचं इंजिन जोर लावत होतं, रूळ वळून बोगद्याकडे जात होते. त्याला कोळशाचा वास आल्यासारखा झाला. त्याच्या स्वतःच्या लेआउटवर असं काढायला तो अर्धा अर्धा दिवस कोन शोधत बसायचा. इथे पहिल्याच जागी ते होतं. वाटेल तिथे कॅमेरा ठेवला असता तरी मिळालं असतं.

त्याने बटण दाबलं नाही.

"काय झालं, दादा? काही चुकलंय का?"

"काही नाही. उजेड नीट नाही."

त्याने ट्रायपॉड वर घेतला, छातीपर्यंत. तिथून सगळं एका ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. दुसरा दिवाही लावला, समोरून. मग लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं. आता इंजिन तेवढं स्पष्ट येणार होतं आणि पुढचं-मागचं सगळं लोण्यासारखं विरघळणार होतं, दुकानाच्या काचेतल्या खेळण्याच्या फोटोत येतं तसं. कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. फोटो सुरेख, रंगीत, झकपक येणार होते. साडू पांढरा पुठ्ठा धरून उभा होता आणि सांगेल तसा हलवत होता. मध्ये त्याने चहा आणला, बिस्किटंही आणली. फोटोग्राफरने त्रेचाळीस फोटो काढले, चहा घेतला आणि घरी आला.

मंगळवारी छापखानेवाल्याचा फोन. आवाज पडलेला. "फोटो मिळाले. स्वच्छ आहेत हो. पण कसं सांगू, खेळण्यासारखं वाटतंय सगळं. त्या दिवशी आपण बघितलं तेव्हा काय वाटलं होतं, आणि इथं... आपण सगळे काकांच्या नादाला लागलो की काय? काका नाराज होतील, पण छापणार कसं? तुमच्याकडचे जुने काही फोटो आहेत का?"

"बघतो," फोटोग्राफर म्हणाला. फोन ठेवल्यावर तो शीळ घालत जिना चढला. दोन पायऱ्यांनंतर शीळ थांबली, पण तो चढत राहिला.

साडू रागावेल, निदान कुरकुर करेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, भांडायला तरी आलं असतं. पण साडूने फोनवर एवढंच म्हटलं, "छापखानेवाल्यांनी दाखवले फोटो. बरं झालं, दादा. मी रोज बघतो ना, त्यामुळं मला कळत नव्हतं. कॅमेऱ्याला कळलं."

चार दिवसांनी बायको आपल्या बहिणीशी बोलून आली आणि त्याच्यासमोर बसली. "भावजींनी डोंगर फोडलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे फोडलाय. छिन्नी-हातोडी घेऊन. धाकटी म्हणते, जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. पोत्यात प्लास्टर भरून ठेवलंय दाराशी. म्हणतात, सगळं नव्यानं करायला हवं, हा पोरखेळ झालाय."

फोटोग्राफरने समोरचं ताट सरकवलं. बायको उठली, खाली स्टुडिओत गेली आणि कॉम्प्युटरवर ते फोटो उघडून बसली. तीस वर्षं तिने त्याच्या फोटोंवरचे डाग काढले होते, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलक्या केल्या होत्या त्या तिनेच. तिची नजर त्याच्यापेक्षा तिखट होती आणि हे दोघांनाही माहीत होतं. तो जिन्यावरून उतरला तेव्हा ती एकाच फोटोवर थांबली होती.

"सिग्नलच्या खांबाला दोन सावल्या आहेत," ती म्हणाली.

तो शेवटच्या पायरीवर थांबला.

"तुम्ही पासपोर्टच्या फोटोतसुद्धा दोन सावल्या पडू देत नाही. माणसाला उठवून पुन्हा बसवता." तिने खुर्ची मागे सारली. "माझी बहीण आहे ती. मी तिला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आणि त्यांना सांगायचं."

"अगं, तसं काही नाहीये..."

"मला ऐकायचं नाहीये," ती म्हणाली आणि दिवा बंद करून वर गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टुडिओ उघडला नाही. कॅमेरा, ट्रायपॉड आणि एकच दिवा घेऊन साडूच्या घरी गेला. मेव्हणीने दार उघडलं, मागच्या खोलीकडे हात केला. साडूच्या केसांत, भुवयांत पांढरी धूळ होती. डोंगराच्या जागी लाकडाच्या पट्ट्या आणि जाळी उघडी पडली होती. बोगदा गेला होता. स्टेशन, पाण्याचा नळ आणि खालचं वळण तेवढं उरलं होतं.

"या, दादा. बघा, इतकं झालंय."

"थांबा जरा," फोटोग्राफर म्हणाला. "इंजिन कुठंय? नळापाशी उभं करा."

साडूने कपाटातून इंजिन काढलं, फुंकर मारली आणि रुळावर ठेवलं. फोटोग्राफरने कॅमेरा फळीवरच टेकवला. दिवा एका बाजूने, खिडकीच्या वर. मग फोकस केसाएवढा केसाएवढा पुढे सरकवत त्याने तीस फोटो काढले, प्रत्येकात वेगळा भाग स्पष्ट, आणि लॅपटॉपवर ते एकावर एक जोडायला बसला. तासभर गेला. साडूने एकदाही विचारलं नाही काय चाललंय. तो स्टुलावर बसून हाताला चिकटलेलं प्लास्टर सोलत होता.

जोडलेला फोटो पडद्यावर आला. पाणी भरायला थांबलेलं इंजिन, काळी जमीन, ओघळ आलेली भिंत, आणि मागे उघड्या पट्ट्यांचा सांगाडा, जणू त्या ठिकाणी एखादं मोठं बांधकाम चालू आहे. दोघं बघत राहिले.

"हे त्या दिवशी दिसलं असतं?" साडूने विचारलं.

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. म्हणूनच." त्याने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "कॅमेरा वर घेतला मी. मुद्दाम. दिवाही दुसरा मुद्दाम लावला. तुमचं काही चुकलेलं नव्हतं."

साडूने आधी त्या फोटोकडे बघितलं, मग फोडलेल्या डोंगराकडे बघितलं. तो ओरडला नाही. सावकाश म्हणाला, "मी तुमच्या लेआउटला कधी वाईट म्हटलं नाही, दादा. तीन वर्षं जातोय तिथं. वाटलं होतं, तरी म्हटलं नाही."

"काय वाटलं होतं?"

"तुमच्या गाड्या कुठून आलेल्या वाटत नाहीत. खोक्यातून काढून रुळावर ठेवल्यासारख्या वाटतात."

कबूल करायला आलेल्या माणसाला यावर चिडायचा हक्क नव्हता. तरी फोटोग्राफरच्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणभर त्याला वाटलं, बरं झालं फोडला तो डोंगर. मग त्या विचाराचीच त्याला भीती वाटली आणि तो वायरी गुंडाळायला लागला.

"तुम्ही जा आता," साडू म्हणाला. "चहाचं विचारत नाही."

त्याने छापखानेवाल्याला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. पहिल्यांदा सांगताना थोडं सांभाळून सांगितलं, उजेड नीट नव्हता वगैरे. छापखानेवाला "हं, हं" करत राहिला. मग फोटोग्राफरलाच राहवलं नाही आणि त्याने सरळ सांगितलं. त्या वर्षी अंकात सोळा पानांऐवजी दोनच पानं आली, एकाच फोटोची, अर्ध्या फोडलेल्या घाटाची. खाली साडूचं नाव. फोटो कुणी काढला हे छापू नका, असं फोटोग्राफरनेच सांगितलं होतं. बॉयलरकाकांनी पुढचे तीन रविवार त्याच्याशी बोलणं टाळलं. चौथ्या रविवारी ते त्याच्या घरी आले, लेआउट पाहिला आणि या वेळी "छान"ही म्हणाले नाहीत. म्हणाले, "ती नदी तेवढी काढून टाक रे." त्याने काढून टाकली.

साडूने घाट पुन्हा उभा केला, त्याला अकरा महिने लागले. या काळात दोन्ही कुटुंबं एकमेकांकडे जेवायला जात होती. साडू त्याला वाढायचा, दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायचा, मागच्या खोलीचं दार मात्र बंद असायचं. दोघी बहिणी त्या दारावरून नजर फिरवायच्या आणि दुसरा विषय काढायच्या.

मग एका दुपारी साडू स्टुडिओत आला. हातात नवा कॅमेरा, खोक्यासकट.

"शिकवाल का? आता माझे मीच काढीन म्हणतो."

फोटोग्राफरने त्याला काउंटरच्या आत घेतलं. तीन तास शिकवलं. कॅमेरा किती खाली, दिवा कुठे, छिद्र किती, फोकस कसा सरकवायचा, तीस फोटो कसे जोडायचे, सगळं. साडूने वहीत टिपून घेतलं, बारीक अक्षरात, आकृत्या काढून. त्याचा हात पहिल्याच दिवशी इतका स्थिर होता, की तो जरा हलला असता तर किती बरं झालं असतं, असं फोटोग्राफरला पुन्हा वाटलं. वर्षभरात ते थोडं बोथट झालं होतं, गेलं नव्हतं. एक गोष्ट तेवढी त्याने सांगितली नाही. लांबचा डोंगर लांब वाटावा म्हणून तो त्याच्यापुढे अगदी झिरझिरीत पांढरं कापड ताणून धरायचा, फोटोत ते हवेतल्या धुक्यासारखं दिसायचं. हे त्याचं स्वतःचं होतं, इतक्या वर्षांत कुणाला दाखवलेलं नव्हतं.

साडू गेला. फोटोग्राफर रात्री नीट झोपला, सकाळी दोन गिऱ्हाइकं केली, तिसऱ्याला थांबायला सांगितलं आणि फोन उचलला.

"साडूबुवा, काल एक सांगायचं राहिलं. झिरझिरीत कापडाचं." आणि त्याने सांगितलं.

पलीकडून पेन्सिलीचा आवाज आला. मग साडू म्हणाला, "मला वाटलंच होतं, काहीतरी राहिलंय."

"विसरलो काल."

"हो का," साडू म्हणाला. "कापड किती लांब धरायचं?"